डिजिटल वेलबीइंग : मराठीच्या तासाला वर्षभर वापरून पाहिलेली सुविधा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग नावाची एक सुविधा असते. गूगलने ती २०१८ मध्ये आणली, त्याच वर्षी ॲपलच्या फोनमध्ये स्क्रीन टाइम या नावाने तशीच सोय आली, आणि आता बहुतेक फोनमध्ये ती फोन घेतानाच आलेली असते. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. आपण कोणते ॲप किती वेळ पाहिले, फोन किती वेळा उघडला आणि दिवसभरात किती नोटिफिकेशन आल्या, हे ती सांगते. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला मराठी शिकवते. गेल्या शैक्षणिक वर्षात, ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत, मी ही सुविधा आधी स्वतःसाठी आणि नंतर वर्गासाठी वापरली. वेळ वाचवण्याचे साधन म्हणून ती कशी आहे हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम होता. आपण स्वतः काय वाचतो, काय पाहतो, काय ऐकतो याचा खरा हिशेब शिक्षकाच्या हाती लागला, तर त्याच्या शिकवण्यात काही फरक पडतो का, हे मला पाहायचे होते आणि हे परीक्षण त्याच बाजूने लिहिले आहे.

सुरुवात निबंधांच्या एका गठ्ठ्यापासून झाली. पहिल्या घटक चाचणीत मी ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा विषय दिला होता. तपासायला बसले तेव्हा ३८ पैकी बहुतेक निबंधांत प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात हे पहिल्या परिच्छेदात, विज्ञानामुळे जग जवळ आले हे दुसऱ्यात आणि अति तेथे माती हे शेवटच्या ओळीत, असा एकच साचा निघाला. काल रात्री आपण फोनवर काय पाहिले, हे एकाही मुलाने लिहिले नव्हते. मुलांना बोल लावणे सोपे होते, पण विषय मीच दिला होता, आणि त्याच विषयावर मला कोणी लिहायला बसवले असते तर मीही याहून वेगळे काही लिहू शकले नसते, कारण स्वतःबद्दलची माहिती माझ्यापाशीही नव्हती. मी स्वतःला वाचणारी बाई समजत होते. सकाळी वर्तमानपत्र, ७ वाजून १० मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या, रात्री झोपताना पुस्तक, आणि फोन कामापुरता, असे माझे माझ्याबद्दलचे चित्र होते.

गठ्ठा बाजूला ठेवून मी त्या रात्री ही सुविधा पहिल्यांदा उघडली. पडद्यावर एक वर्तुळ येते, त्याच्या मधोमध दिवसाचा एकूण वेळ असतो आणि कडेला वेगवेगळ्या रंगांत ॲपची नावे असतात. माझ्या वर्तुळात ३ तास ४८ मिनिटे होती. त्यांतली १ तास ३६ मिनिटे व्हॉट्सॲपची, ५८ मिनिटे यूट्यूबची, ३१ मिनिटे इन्स्टाग्रामची आणि ७ मिनिटे वर्तमानपत्राच्या ई-आवृत्तीची होती. फोन ९४ वेळा उघडला होता. तो शाळेचा दिवस होता, सहा तास वर्गात गेले होते, म्हणजे ही चौऱ्याण्णव वेळांची उघडझाप उरलेल्या वेळात बसवायची होती. उशाशी ठेवलेले पुस्तक मी हातात घेऊन पाहिले. वाचनखूण पान ६४ वर होती आणि ती तिथे गणेशोत्सवाच्या खरेदीच्या आधीपासून होती, हे मला पक्के आठवत होते, कारण खूण म्हणून मी त्या खरेदीची यादीच घातली होती.

या सुविधेचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा गुण हाच आहे की ती आपल्याला काही सांगण्याआधी कोणताही उपदेश करत नाही. आकडा समोर ठेवते आणि थांबते. फोनच्या वापराबद्दल आपली आठवण किती बेभरवशाची असते, हे कळायला एक आठवडा पुरतो. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी आधी अंदाज लिहायचा आणि मग आकडा पाहायचा असे सात दिवस केले, आणि सातही दिवस माझा अंदाज निम्म्याच्या आसपास राहिला.

दुसऱ्या आठवड्यात तिची मर्यादाही लक्षात आली. ती मिनिटे मोजते, त्यांमागचे कारण नोंदवत नाही, आणि तसा दावाही करत नाही. म्हणून मी दोनशे पानी वहीत चार रकाने आखले : वेळ, काय, कशासाठी उघडला, उघडल्यावर काय झाले. एक नोंद अशी आहे : दुपारी १.२०, मधली सुट्टी, पोषण आहाराची माहिती भरायला उघडला. आत्तेबहिणीने ठेवलेले साखरपुड्याचे स्टेटस पाहिले. माहिती भरायची राहिली. दुसरी नोंद : रात्री ९.१५, उद्याच्या कवितेचे कवीच्याच आवाजातले वाचन शोधायला यूट्यूब; वाचन ४ मिनिटांचे; बाहेर पडले ९.५५ ला. फोनच्या हिशेबात ही सगळी चाळीस मिनिटे एकाच रंगात दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या चार मिनिटांचे मोल दुसऱ्या दिवशी मला वर्गात कळले. एरवी मी कविता दोनदा वाचून दाखवते तरी शेवटचे दोन बाक आपापल्या कामात असतात. त्या दिवशी छोट्या स्पीकरवर तो थोडा खरखरीत, मध्येच श्वास घेणारा आवाज सुरू झाला आणि वर्ग पूर्ण शांत झाला, आणि नंतर एका मुलीने विचारले की कवी ओळीच्या मध्येच का थांबले, ओळ तर पुढे आहे. यतीबद्दल, म्हणजे ओळीतल्या थांब्याबद्दल, त्या प्रश्नाइतकी चांगली सुरुवात मला वीस वर्षांत मिळाली नव्हती. उरलेल्या छत्तीस मिनिटांतले काहीही मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही, ती म्हणजे ऐकणे. पडदा बंद ठेवून प्रसार भारतीच्या ॲपवर आकाशवाणी ऐकली तर तो पडद्यावरचा वेळ धरला जात नाही, आणि रेडिओ तर मोजण्याबाहेरच आहे. म्हणून माझे माध्यमांचे खरे चित्र फोन आणि वही एकत्र ठेवल्यावरच पूर्ण झाले. या वहीतून निघालेली एक नोंद मला आजही महत्त्वाची वाटते : वर्गात मी सहज बोलताना जे दाखले देत होते, त्यांपैकी बहुसंख्य सकाळच्या दहा मिनिटांच्या बातम्यांतून आणि वर्तमानपत्रातून आलेले होते, रात्रीच्या दीड तासातून जवळजवळ एकही नव्हता.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात लिहिते. ॲपला रोजची मर्यादा घालता येते. वेळ संपली की त्याचे चिन्ह करडे होते आणि ते ॲप उघडत नाही, मध्यरात्रीनंतर पुन्हा सुरू होते. ही मर्यादा आपणच घातलेली असल्यामुळे आपणच ती क्षणात काढूही शकतो, आणि ज्याला ती काढायची आहे त्याला हे साधन अडवणार नाही. इन्स्टाग्रामवर १५ मिनिटांची मर्यादा मी घातली आणि पहिल्या महिन्यात चारदा काढली, तरी काढताना सेटिंग्जपर्यंत चालत जावे लागते आणि तेवढ्या वाटेत माणूस निदान एकदा विचार करतो. झोपेच्या वेळेची सोय, म्हणजे ठरावीक वेळी पडदा काळा-पांढरा होणे आणि आवाज बंद होणे, मला सर्वांत उपयोगी पडली. रंग गेले की रील पाहण्यातली ओढ ओसरते. फोकस मोडमध्ये निवडलेली ॲप काही वेळापुरती बंद ठेवता येतात. पेपर तपासताना मी ते लावते. पालकांसाठीच्या नियंत्रणाची सोय याच ठिकाणी सापडते, परंतु शिक्षकाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी हे वर्गात नेले. मुलांना त्यांचे आकडे विचारण्याआधी माझे आकडे फळ्यावर लिहिले : आठवड्याचे सात दिवस, ॲपनिहाय मिनिटे, फोन किती वेळा उघडला ते, आणि समोर कारणे. वर्ग सुरुवातीला थोडा अवघडला. बाई स्वतःचे असे काही फळ्यावर लिहितात हे त्यांना नवीन होते. मग एका मुलाने हात वर करून, अगदी प्रामाणिकपणे, विचारले, “बाई, बुधवारी रात्री साडेअकराला तुम्ही काय बघत होता?” मी वहीत पाहून सांगितले की एका मालिकेचा राहिलेला भाग पाहत होते, आणि गुरुवारी पहिल्या तासाला मी त्यांच्यावर विनाकारण चिडले होते तो दिवस हाच. त्यानंतर मुले बोलू लागली. माझ्या अनुभवात मुलांना फोनबद्दल खरे बोलते करणारा दुसरा कोणताही उपाय आजवर चाललेला नाही. व्याख्यान नाही, प्रतिज्ञा नाही आणि पोस्टर स्पर्धा तर नाहीच.

पण मुलांच्या बाबतीत ही सुविधा जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण फोन त्यांचा नसतो. ‘असर’ या ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे दिसले, आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे ५७ टक्क्यांनी आणि समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी सांगितले, मात्र फोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्क्यांकडेच स्वतःचा फोन होता. माझ्या वर्गातही तसेच आहे. एकाच फोनवर वडिलांचे बाजारभाव, आईची भिशी, भावाचा क्रिकेटचा खेळ आणि मुलीचा गृहपाठ चालतो, आणि या सगळ्यांची मिळून एकच बेरीज वर्तुळात येते. तो आकडा शाळेत मागवणे म्हणजे घरातल्या इतरांच्या खासगी गोष्टी मागवणे होय. म्हणून मी मुलांकडून फोनमधला एकही आकडा घेतला नाही. त्यांनी चार रकान्यांची वही ठेवावी, ती स्वतःपाशी ठेवावी, आणि त्यातली वाचून दाखवावीशी वाटेल ती नोंदच वर्गात वाचावी, असे ठरले. वहीत टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्र, भिंतीवरचे फलक, देवळातल्या भोंग्यावरची सूचना, सगळे लिहायचे होते.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने वाचलेल्या नोंदीने मला जे शिकवले ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. तिने वाचले : “रात्री ९.५०. बाईंनी ग्रुपवर गृहपाठ टाकला म्हणून पप्पांचा फोन घेतला. गृहपाठ उतरवून घेतला. १०.४० ला फोन ठेवला.” तिने ते तक्रार म्हणून वाचले नव्हते, नोंद म्हणून वाचले होते. मी घरी जाऊन माझ्या फोनमधला त्या ग्रुपवरचा मजकूर मागे मागे पाहत गेले. सत्राच्या सुरुवातीपासून मी २९ दिवस गृहपाठ ग्रुपवर टाकला होता आणि त्यांपैकी २१ दिवस तो रात्री नऊनंतर टाकला होता. माझी सोय अशी की स्वयंपाक आणि आवराआवर झाल्यावर मी निवांत होते. त्याच वेळी अडतीस घरांत कोणी तरी मुलासाठी फोन उघडत होते, आणि मुले फोनमध्ये बुडालेली असतात असे मी पालक सभेत सांगत होते. फोनने माझी मिनिटे मला दाखवली होती, पण माझ्यामुळे इतरांची किती मिनिटे जातात हे दाखवणे त्याला शक्य नव्हते. ते मुलीच्या वहीने दाखवले.

दुसऱ्या दिवसापासून गृहपाठ तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे फळ्यावर लिहायला सुरुवात केली. गैरहजर मुलांनी शेजारच्या मुलाकडून घ्यावा, पूर्वी घेत होतो तसा. ग्रुप आता सायंकाळी साडेसहाच्या आत, तेही सूचनेपुरताच वापरते. हा बदल कागदावर फार लहान आहे. पण फेब्रुवारीतल्या वह्यांत ‘बाईंनी टाकले म्हणून’ हे कारण दिसेनासे झाले होते, आणि या सगळ्या प्रयोगातून मिळालेले जे फळ मी निःशंकपणे सांगू शकते ते हेच आहे.

मिनिटे मोजण्याची मर्यादा आणखी एका प्रसंगात उघडी पडली आणि तो प्रसंग सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे, कारण चूक माझी होती. जुलैमध्ये, म्हणजे मी हा हिशेब सुरू करण्याच्या आधीच्या महिन्यात, मुसळधार पावसाच्या एका रात्री शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचे पत्र माझ्याकडे आले आणि मी ते पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवले. पत्र खरेच होते, पण आदल्या वर्षीचे. उजव्या कोपऱ्यात दिनांक स्पष्ट छापलेला होता आणि मी तो वाचला नव्हता. सकाळी निम्मा वर्ग आला नाही. पत्र पाहून पुढे पाठवायला मला अर्धे मिनिटही लागले नसेल; कोणत्याही वर्तुळात ते दिसले नसते.

हेच पत्र मी जानेवारीत बातमीलेखनाच्या तासाला आणले. कोणी, कुठे, कधी, काय आणि कशाच्या आधारे, ही बातमीची अंगे मी दरवर्षी शिकवते आणि मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. या वेळी पत्र छापून गटागटांत दिले आणि चूक शोधायला सांगितले. तीन गटांना दिनांक दिसला, दोन गटांना दिसला नाही. मग त्याच दिवसाची एक घटना आम्ही तीन ठिकाणी तपासली : सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्यांत, वर्तमानपत्रात आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरात. रेडिओने ती दोन वाक्यांत सांगितली होती आणि माहिती कोणी दिली ते नाव घेऊन सांगितले होते. व्हॉट्सॲपच्या मजकुरात नाव नव्हते, तारीख नव्हती, आणि वर दोन बाणांचे चिन्ह होते. मजकूर पाच किंवा त्याहून अधिक हातांतून फिरून आला की ते चिन्ह येते आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. २०२० च्या एप्रिलपासून ही मर्यादा आहे. मुलांना बाण रोज दिसत होते, अर्थ ठाऊक नव्हता. खरे सांगायचे तर तो मलाही ऑक्टोबरपर्यंत ठाऊक नव्हता.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही व फोन बंद ठेवते. शिक्षकखोलीत माझ्या प्रयोगाची चर्चा निघाली की हे उदाहरण हमखास पुढे येते. मला त्या गावाबद्दल आदर आहे, कारण तिथे मोठी माणसे मुलांबरोबर स्वतःचेही फोन बंद करतात, आणि माझ्या मते त्याचे बळ भोंग्यात नसून यात आहे. डिजिटल वेलबीइंग हे एकट्या माणसाचे साधन आहे. ते सगळे घर किंवा सगळा वर्ग एकत्र आणू शकत नाही. तशी अपेक्षा ठेवून कोणी ते उघडले तर निराशा होईल. स्वतःकडे नीट पाहायचे असेल तर मात्र ते पुरेसे आहे.

वार्षिक परीक्षेपूर्वी मी पुन्हा निबंध घेतला. विषय होता ‘काल रात्री साडेआठ ते साडेनऊ’. साचा मोडला होता. सगळे निबंध चांगले होते असे म्हणत नाही. शुद्धलेखनाचे हाल पूर्वीसारखेच होते. पण एका मुलाने लिहिले होते की त्याचे वडील ट्रक चालवतात, रात्री कुठल्या तरी ढाब्यावर थांबले की व्हिडिओ कॉल करतात, काल ते २२ मिनिटे बोलले आणि त्यांच्या मागे दिसणाऱ्या पाटीवरून ते कुठे असतील हे त्याने आणि आईने ओळखले. हा मुलगा ‘शाप की वरदान’ला चार ओळी लिहून थांबला होता. या वेळी त्याने पुरवणी मागितली.

जे शिक्षक ही सुविधा वापरू पाहतील त्यांना माझ्या अनुभवावरून इतकेच सुचवते. पहिले दोन आठवडे कोणतीही मर्यादा घालू नये, नुसते पाहावे, नाही तर आकडे सुरुवातीपासूनच सजवलेले येतात. कारणांची वही फोनमध्ये ठेवू नये, कागदावर ठेवावी. नोंद करायला फोन उघडला की आणखी एक नोंद तयार होते. मुलांपुढे स्वतःचे आकडे ठेवायची तयारी नसेल तर हा विषय वर्गात काढूच नये. आणि सुरुवात परीक्षेच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात करू नये, कारण त्या दिवसांत ग्रुपवरची धावपळ एवढी असते की आकड्यांवरून काहीच कळत नाही. मी जूनमध्ये नव्या नववीबरोबर दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करणार आहे. माझ्या उन्हाळी सुट्टीच्या नोंदी त्या वहीच्या पहिल्या चार पानांवर आहेत. त्यांतला १९ मे चा आकडा ५ तास २० मिनिटांचा आहे, आणि तोही फळ्यावर जाईल.